आडव्या रेघेची लांबी

१९८३ साली मी पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम करीत होतो. कामं बहुतेक मराठी असत: लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादं पुस्तक. इंग्रजी मजकूर आला की तो माझ्या टेबलावर सरकवला जाई, कारण बी. ए.ला माझा विषय इंग्रजी होता. त्या वर्षी एका निवृत्त मुख्याध्यापकांचं इंग्रजी आत्मवृत्त छपाईला आलं. सर सत्तरी ओलांडलेले होते. प्रती पाचशे, खर्च त्यांचा स्वतःचा. हस्तलिखित निळ्या शाईत, अक्षर वळणदार, आणि पानापानावर आडव्या रेघा. काही तांदळाच्या दाण्याएवढ्या, तर काही करंगळीच्या पेराएवढ्या लांब.

त्या पुस्तकाच्या एका पानावर माझ्या हातून एक चूक राहिली. चूक एका रेघेची होती. तिचं वजन कळायला मला वीस वर्षं लागली, आणि त्या निमित्तानं इंग्रजीतल्या आडव्या रेघांचा इतिहास मी जमेल तसा वाचत गेलो. तो इथे मांडतो. चुकीकडे शेवटी येतो, कारण आधी रेघा ओळखता आल्याशिवाय चूक दिसणार नाही.

तीन रेघा

इंग्रजी छपाईत नेहमी लागणाऱ्या आडव्या रेघा तीन. सर्वांत आखूड तो हायफन ( - ), मधला एन डॅश ( – ) आणि लांब तो एम डॅश ( — ). एन आणि एम ही नावं खिळ्यांच्या मापातून आली. ज्या आकाराचा टाइप, तेवढी रुंदी म्हणजे एक एम. बारा पॉइंटच्या टाइपात तो बारा पॉइंट, दहाच्या टाइपात दहा. एन त्याच्या निम्मा. यंत्रांच्या खडखडाटात 'एम' आणि 'एन' सारखेच ऐकू येतात, म्हणून इंग्लंडमधले जुळारी एमच्या कोऱ्या ठोकळ्याला 'मटन' आणि एनच्या ठोकळ्याला 'नट' म्हणत. आमच्याकडचे जुळारी 'लांब डॅश', 'छोटा डॅश' एवढ्यावर भागवीत.

तिघांची कामं वेगळी आहेत. हायफन जोडतो. एन डॅश दोन टोकं आणि त्यांच्यामधलं अंतर दाखवतो. एम डॅश वाक्य तोडतो किंवा वाक्याच्या पोटात आलेला मजकूर बाजूला काढतो. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका १८५० सालची. त्याआधीच्या मोडी कागदांत शब्द सलग लिहिलेले असत आणि वाचणारा ते आपल्या समजुतीनं तोडी. आज आपल्या व्याकरणात आखूड रेघेला संयोगचिन्ह आणि लांब रेघेला अपसारणचिन्ह म्हणतात. संयोग म्हणजे जोडणं, अपसारण म्हणजे दूर सारणं. इंग्रजी नावं रेघेची लांबी सांगतात किंवा काहीच सांगत नाहीत. मराठी नावं तिचं काम सांगतात. मला ही नावं शाळेपासून पाठ होती, पण त्यांच्या अर्थाकडे मी कधी पाहिलं नव्हतं.

जोडणारी रेघ

हायफन हा शब्द ग्रीक. त्याचा मूळ अर्थ 'एकाखाली', म्हणजे 'एकत्र'. प्राचीन ग्रीक लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नसत. कुठली अक्षरं मिळून एक शब्द होतो याबद्दल घोटाळा होण्यासारखा असेल, तर त्या अक्षरांच्या खाली एक छोटी कमान काढत. तोच पहिला हायफन. पुढे मध्ययुगात शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत युरोपात रुळली आणि कमानीचं काम संपलं. मग हायफनला नवं काम मिळालं, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द पुढच्या ओळीशी जोडण्याचं. गुटेनबर्गनं १४५५च्या सुमारास माइन्झमध्ये छापलेल्या बेचाळीस ओळींच्या बायबलात असे हायफन जागोजागी आहेत. ते दोन तिरप्या समांतर रेघांचे आहेत आणि मजकुराची कड सरळ दिसावी म्हणून कडेबाहेर समासात काढलेले आहेत.

ओळीच्या शेवटच्या या हायफनचा वाचकाशी एक अलिखित करार असतो: शब्द संपलेला नाही, पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर याला जोडून वाच. डोळा हा करार इतका पाळतो की आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. माझी चूक या कराराशीच संबंधित होती.

ओळीच्या मधला हायफन अर्थ ठरवतो. 'ट्वेंटी-ऑड टीचर्स' म्हणजे वीसेक शिक्षक. हायफन काढला तर ते वीस विक्षिप्त शिक्षक होतात. 'स्मॉल-बिझनेस ओनर' म्हणजे लहान धंद्याचा मालक. हायफन नसेल तर धंदा लहान की मालक, हा प्रश्न उरतो. 'रिझाइन' म्हणजे राजीनामा देणं, त्याच अक्षरांमध्ये हायफन घालून 'री-साइन' केलं की पुन्हा करार करणं. नियम तसा सोपा आहे. दोन शब्द मिळून पुढच्या नामाचं एकच विशेषण होत असेल तर त्यांच्यात हायफन घालावा. तेच शब्द नामाच्या मागे गेले तर सहसा घालू नये. म्हणून 'अ वेल-नोन रायटर', पण 'द रायटर इज वेल नोन'. 'हायली', 'न्यूली' अशा 'ली'नं संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर हायफन लागत नाही, कारण तिथे कोण कोणाला जोडलं आहे याबद्दल शंकाच उरत नाही.

इंग्रजी जोडशब्दांचा प्रवास बहुधा एका दिशेनं होतो. आधी दोन सुटे शब्द, मग हायफननं जोडलेले, मग एक शब्द. 'टुडे', 'टुमॉरो', 'टुनाइट' हे शब्द विसाव्या शतकात बरेच आत येईपर्यंत 'टु-डे', 'टु-मॉरो', 'टु-नाइट' असे छापले जात. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध वापरकोशात हा हायफन अजून टिकून आहे याला पुराणमतवाद म्हटलं होतं. आमच्या सरांचं शालेय शिक्षण त्याच काळातलं. त्यांच्या हस्तलिखितात 'आज' या अर्थी सगळीकडे 'टु-डे' होतं. मी ते बदललं नाही. लेखकाच्या वळणाचा मान राखल्याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

शब्द मुरले की हायफन गळतो. 'शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या २००७च्या सहाव्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकले गेले. 'आइस क्रीम'चे दोन सुटे शब्द झाले, 'बंबलबी' एका शब्दात मिटला. लोक प्रत्यक्षात कसं लिहितात ते पाहून संपादकांनी हा निर्णय घेतला होता.

माणसांच्या बाबतीत हा हायफन कधी कधी फार जड होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'जर्मन-अमेरिकन', 'आयरिश-अमेरिकन' या लोकांच्या निष्ठेवर संशय घेतला जाऊ लागला आणि 'हायफनवाले अमेरिकन' ही शिवी झाली. १२ ऑक्टोबर १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या भाषणात माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या देशात हायफनवाल्या अमेरिकनपणाला जागा नाही असं बजावलं. चिन्ह जोडणारं, पण रूझवेल्टना त्यात फूट दिसत होती. एकशेचार वर्षांनी, २०१९ मध्ये, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं आपल्या लेखननियमांतून 'आफ्रिकन अमेरिकन', 'एशियन अमेरिकन' अशा शब्दांमधला हायफन काढला. या बाजूचा युक्तिवाद व्याकरणाचा आहे आणि अस्मितेचाही. हायफन नसला की पहिला शब्द साधं विशेषण होतो आणि माणूस पुरा अमेरिकन राहतो. आपल्याकडून तिकडे गेलेल्या मराठी घरांतली मुलं 'इंडियन अमेरिकन' लिहिताना मधली जागा मोकळी सोडतात, तिच्यामागे हा सगळा वाद आहे. उलट आपल्या राज्यघटनेच्या ३६६व्या अनुच्छेदात 'अँग्लो-इंडियन' शब्दाची व्याख्या आहे, ती हायफनसकट.

मधली रेघ

एन डॅशकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, कारण तो हायफनपेक्षा जेमतेम लांब दिसतो. त्याचं मुख्य काम आपण मराठीत 'ते' या शब्दानं करतो. पृष्ठे १०–१५, सन १९१४–१८. म्हणूनच इंग्रजीत 'फ्रॉम' लिहिलं की पुढे रेघ न देता 'टु' लिहावं लागतं. 'पासून' म्हटल्यावर 'पर्यंत' यायलाच हवं, तसंच हे. जिथे ही रेघ उणे चिन्ह म्हणून वाचली जाण्याचा धोका आहे, उदाहरणार्थ औषधाची मात्रा किंवा साठवणुकीचं तापमान, तिथे रेघ टाळून शब्दच लिहिणं बरं.

एन डॅशचं दुसरं काम दोन समान गोष्टींमधलं नातं दाखवण्याचं. गणितातला एक नामांकित न सुटलेला प्रश्न याचा उत्तम नमुना आहे. २००० साली क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटनं ज्या सात प्रश्नांना प्रत्येकी दहा लाख डॉलरचं पारितोषिक लावलं, त्यांतला एक म्हणजे बर्च–स्विनर्टन-डायर अनुमान. दोन्ही रेघा हायफनच्या छापल्या तर वाचकाला तीन गणिती दिसतील. प्रत्यक्षात माणसं दोन आहेत, ब्रायन बर्च आणि पीटर स्विनर्टन-डायर. पहिली रेघ दोन माणसांमधली, दुसरी एकाच माणसाच्या आडनावातली.

भौतिकशास्त्रातही असंच. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्याहून आपला निबंध आइन्स्टाइन यांना पाठवला आणि त्यातून बोस–आइन्स्टाइन सांख्यिकी उभी राहिली. तिथे एन डॅश हवा, कारण माणसं दोन आणि मान बरोबरीचा. पण रेणूंमधल्या आकर्षणाचं लेनार्ड-जोन्स सूत्र एकाच माणसाचं आहे. जॉन जोन्स यांनी १९२५ मध्ये लग्न केल्यावर पत्नीचं लेनार्ड हे आडनाव आपल्या आडनावाआधी जोडलं. तिथे हायफन हवा. एका रेघेच्या लांबीत किंचितसा फरक, आणि तेवढ्यात एका माणसाचे दोन होतात.

एका बटणात तिन्ही

खिळ्यांच्या केसमध्ये या तिघांना वेगवेगळी घरं होती. टंकलेखन यंत्रानं ती मोडली. शोल्स आणि ग्लिडन यांचं यंत्र रेमिंग्टन कंपनीनं १८७४ मध्ये बाजारात आणलं आणि पुढच्या शंभर वर्षांत कचेरीतलं सगळं इंग्रजी अशा यंत्रांतून बाहेर पडू लागलं. बटणं मर्यादित, प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. आडव्या रेघेला बटण एकच आलं. हायफन तेच, उणे चिन्हही तेच. डॅश हवा असेल तर टंकलेखक ते बटण दोनदा दाबत आणि छापखान्यातला माणूस त्या दोन हायफनांचा एक एम डॅश करी. टंकलेखनाच्या वर्गात बसलेल्या माझ्या पिढीला डॅश म्हणजे दोन हायफन हेच शिकवलं गेलं.

संगणकानं ही गरिबी वारशात घेतली. १९६३ साली ठरलेल्या अमेरिकन प्रमाण संकेतावलीत, म्हणजे अॅस्कीत, ४५ क्रमांकाला जे चिन्ह बसवलं त्याचं आजचं नावच 'हायफन-मायनस' आहे. १९९१ पासून युनिकोडनं हायफन, एन डॅश, एम डॅश आणि उणे यांना स्वतंत्र क्रमांक दिले, पण कळफलकावर बटण अजून एकच आहे. आपल्या हाताला तेच सापडतं.

सगळ्या आडव्या रेघांना हायफन समजण्याची सवय किती खोल गेली आहे, याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. २२ जुलै १९६२ रोजी शुक्राकडे निघालेलं 'मरिनर १' हे अमेरिकी यान उड्डाणानंतर २९३ सेकंदांनी, मार्ग सोडून भरकटल्यामुळे, मुद्दाम नष्ट करावं लागलं. संगणकाला दिलेल्या सूचनांमध्ये एक हायफन राहून गेला, असं तेव्हा जाहीर झालं. आर्थर सी. क्लार्क यांनी त्याला इतिहासातला सर्वांत महागडा हायफन म्हटलं आणि तो किस्सा अमर झाला. पण नंतरच्या अभ्यासकांनी केलेल्या मांडणीनुसार राहून गेलेली रेघ हायफन नव्हती. गणिती सूत्रातल्या अक्षराच्या डोक्यावर द्यायची ती आडवी रेघ होती, 'या राशीची सरासरी काढून घ्या' असं सांगणारी. हाती लिहिलेलं सूत्र उतरवताना ती गळली. रेघ आडवी होती, लहान होती, म्हणून वर्तमानपत्रांच्या लेखी हायफन झाली.

तोडणारी रेघ

डॅशचा इंग्रजी जन्म नाटकात झाला. टेरेन्स या रोमन नाटककाराच्या 'अँड्रिया'चं मॉरिस किफिन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १५८८ मध्ये छापलं गेलं. त्यात पात्राचं बोलणं अर्धवट तुटतं तिथे जुळाऱ्यानं ओळीनं हायफन बसवले आहेत. तुटलेलं वाक्य छापून दाखवण्याच्या इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी तो एक मानला जातो. म्हणजे तोडणारी रेघ सुरुवातीला जोडणाऱ्या रेघांच्याच माळेतून तयार झाली होती.

अठराव्या शतकात ती कादंबरीत आली. सॅम्युएल रिचर्डसन स्वतः मुद्रक होते. आपल्या पत्रांच्या कादंबऱ्यांत पत्र लिहिणाऱ्याचा धास्तावलेला श्वास दाखवायला त्यांनी डॅशचा उपयोग केला. लॉरेन्स स्टर्न यांच्या १७५९ ते १७६७ या काळात नऊ खंडांत निघालेल्या 'ट्रिस्ट्रम शँडी'त तर डॅश इतके आणि इतक्या लांबीचे आहेत की त्यांच्याविना ते पुस्तक उभंच राहणार नाही. त्याच काळात खऱ्या माणसांची नावं आणि छापायला नको ते शब्द झाकण्यासाठीही डॅश वापरला जाई. पहिलं अक्षर, मग रेघ. वाचकाला सगळं कळे आणि मुद्रकावर खटला होत नसे.

मग एकोणिसाव्या शतकात व्याकरण कडक झालं आणि डॅश बेशिस्तीची खूण ठरू लागला. जेन ऑस्टिन यांच्या 'पर्स्वेजन' कादंबरीची त्यांनी रद्द केलेली दोन प्रकरणं त्यांच्याच अक्षरात शिल्लक आहेत आणि ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या पानांवर डॅश भरपूर आहेत. छापलेल्या ऑस्टिनमध्ये मात्र स्वल्पविराम आणि अर्धविराम शिस्तीत उभे आहेत. हे काम कोणी किती केलं याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण हस्तलिखितातला ओघ आणि छापील पानावरची शिस्त यांतलं अंतर डोळ्यांना दिसतं.

सर्वांत मोठी शिक्षा झाली ती एमिली डिकिन्सन यांच्या रेघांना. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अॅमहर्स्ट गावी १८३० साली जन्मलेल्या या बाईंनी सुमारे अठराशे कविता लिहिल्या. हयातीत जेमतेम दहाएक छापल्या गेल्या, त्याही नावाशिवाय. १८६६ मध्ये एका वर्तमानपत्रानं त्यांची सापावरची कविता छापली. त्यांनी टी. डब्ल्यू. हिगिन्सन या साहित्यिक स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली, ती कविता परस्पर छापली गेल्याची आणि एका विरामचिन्हाची. तिसरी आणि चौथी ओळ मिळून एकच होती, आणि मध्ये घातलेल्या चिन्हानं तिसरी ओळ मारली गेली, असा तिचा आशय होता. छापण्याबद्दल त्या इतक्या नाखूश का होत्या, याचं एक कारण मला तरी त्या पत्रात दिसतं.

१८८६ मध्ये त्या वारल्या. बहीण लॅव्हिनियाला त्यांच्या खोलीत हातानं शिवलेल्या सुमारे चाळीस वह्या सापडल्या. १८९० साली मेबल लूमिस टॉड आणि तेच हिगिन्सन यांनी पहिला संग्रह काढला. हेतू चांगला होता. लोकांनी कविता वाचाव्यात म्हणून त्यांनी शीर्षकं घातली, काही यमकं घासूनपुसून घेतली, आणि बहुतेक डॅश काढून तिथे रूढ चिन्हं बसवली. पुस्तक खूप खपलं. पासष्ट वर्षं जगानं डिकिन्सन अशाच वाचल्या. १९५५ मध्ये टॉमस एच. जॉन्सन यांनी तीन खंडांत पाठचिकित्सा करून रेघा परत आणल्या, आणि वाचकांना जणू दुसरीच कवयित्री भेटली. जिथे वाक्य पूर्ण होईल असं वाटतं तिथे ती थांबते, शब्द हातात धरून उभी राहते, आणि कधी तशीच निघून जाते.

तरी प्रश्न संपला नाही. वह्यांमधल्या त्या रेघा सारख्या नाहीत. काही वर चढतात, काही खाली उतरतात, काही ठिपक्याएवढ्याच आहेत. १९९८ मध्ये आर. डब्ल्यू. फ्रँकलिन यांनी नवी पाठचिकित्सित आवृत्ती काढली, तेव्हा या रेघांचं वजन बघता एम डॅश फार जड होतो असं ठरवून त्यांनी दोन्ही बाजूंना जागा सोडलेला हायफन वापरला. आयुष्यभर त्या वह्यांवर काम केलेल्या संपादकालाही शेवटी केसमधला कुठला तरी एक खिळा उचलावाच लागला. हाताच्या रेघेला हवी ती लांबी असते, खिळ्याला ठरलेलीच.

आजही एकमत नाही. अमेरिकेत 'शिकागो मॅन्युअल'च्या वळणानं एम डॅश दोन्ही बाजूंच्या शब्दांना चिकटवून छापतात. ब्रिटनमधले अनेक प्रकाशक त्याच जागी एन डॅश घालतात आणि दोन्ही बाजूंना जागा सोडतात. मुद्रणकलेचे जाणकार रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांनाही एन डॅशच पसंत. एम डॅश त्यांना व्हिक्टोरियन काळातल्या फुगीर अभिरुचीचा वाटतो. कुठलंही वळण घ्या, पुस्तकभर एकच ठेवा, एवढंच मी नव्या मुद्रितशोधकांना सांगत आलो. आणि या जागी हायफन कधीही नको.

ते पान

हे शेवटचं वाक्य मी १९८३ साली स्वतःला सांगायला हवं होतं.

सरांच्या आत्मवृत्तातलं ते पान त्यांच्या पत्नीच्या मृत्यूचं. रात्रभर रुग्णालयात बसलेले सर, पहाटे डॉक्टर बाहेर येतात, दोन शब्द बोलून जातात. त्यानंतरच्या वाक्याचा अर्थ असा: ज्याला हे सांगावं असं कोणी उरलं नव्हतं— उजाडत होतं. इंग्रजीत पहिला भाग 'टु' या शब्दानं संपत होता, मग एक लांब रेघ, मग 'डे', म्हणजे दिवस, उगवत होता. हस्तलिखितात ती रेघ पुस्तकातली सर्वांत लांब होती.

कच्च्या प्रुफात ती बरोबर आली होती. मग त्याच परिच्छेदात मी एक शब्द दुरुस्त केला, ओळी सरकल्या आणि 'टु' ओळीच्या अगदी शेवटी आला. आमच्या जुळारीकाकांनी हाक मारली. "अहो, लांब डॅश बसत नाही आणि केसमधले संपलेतही. छोटा टाकू का?" फर्मा यंत्रावर चढायचा होता. मी म्हणालो, "टाका."

ओळीच्या शेवटी हायफन, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला 'डे'. डोळ्यानं करार पाळला आणि 'टु-डे' वाचलं. सरांनी पुस्तकभर 'आज' तसाच लिहिलेला होता, तेव्हा कोणालाच काही खटकण्याचं कारण नव्हतं. ज्याला हे सांगावं असं आज कोणी नव्हतं, असं काहीसं वाचकाला लागलं असेल आणि पुढचं वाक्य जरा अडखळल्यासारखं वाटून तो पुढे गेला असेल. जन्मभराचं एकटेपण एका दिवसाचं झालं आणि उजाडणं पुसलं गेलं.

सर गठ्ठे न्यायला आले, तेव्हा त्यांनी पहिली प्रत तिथेच उभ्यानं चाळली. त्या पानावर थांबले. मी समोरच होतो. "ही रेघ माझी नाही," एवढंच म्हणाले. मी फॉर्म, जागा, संपलेले खिळे असं काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली, उरलेले पैसे चुकते केले आणि रिक्षात गठ्ठे भरले. महिन्याभरानं माझ्या नावानं एक प्रत आली. आत 'सप्रेम' आणि सही. मी ती कपाटात ठेवून दिली. उघडली नाही, कारण मला ते पान पुन्हा पाहायचं नव्हतं.

२००३ मध्ये डिकिन्सन यांच्या वह्यांबद्दल वाचत असताना ती प्रत आठवली. काढली आणि ते पान लावलं. हायफनवरून निळ्या शाईत एक रेघ ओढलेली होती. ती ओळीबाहेर निघून समासात गेली होती.

पुढे एकदा सरांच्या जुन्या शाळेत व्याख्यानाला गेलो. ग्रंथालयाच्या कपाटात त्यांचं पुस्तक दिसलं. ते पान उघडलं. तीच निळी शाई, तशीच रेघ, समासात गेलेली. दोन प्रतींवरून पाचशेंचा निष्कर्ष काढू नये हे मलाही कळतं. पण एका माणसाच्या घरात पुस्तकांचे गठ्ठे, समोर टेबल, हातात पेन, आणि रोज संध्याकाळी काही प्रती, हे चित्र तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तोवर सर गेले होते. विचारायचं राहून गेलं.

माझ्या प्रतीतली ती रेघ मी पट्टी लावून मोजली आहे. पुस्तक दहा पॉइंटमध्ये छापलेलं, म्हणजे आमच्या केसमधला लांबात लांब डॅश साडेतीन मिलिमीटरचा झाला असता. सरांची रेघ नऊ मिलिमीटर भरते.